इंग्लंडमधल्या जुन्या सेमी-डिटॅच्ड घरात गॅस बॉयलर काढून हीट पंप (विजेवर चालून बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारं मशीन) बसवला तर घर गरम राहतं का? बिल वाढतं का? कोणत्या कंपनीचा घ्यावा?

घर गरम राहतं. बिलाचं मात्र घरात कंट्रोलरला किती जण हात लावतात त्यावर आहे.

आमचं लेस्टरचं घरही असंच जुनं, १९३०च्या दशकातलं. २०२४च्या सप्टेंबरात गॅसचा कॉम्बी बॉयलर काढला. ९ पैकी ६ रेडिएटर बदलले आणि वरच्या कपाटात २१० लिटरचा गरम पाण्याचा सिलिंडर आला. त्या कपाटात माझ्या गोधड्या होत्या, त्या आता पलंगाखाली आहेत. ७,५०० पौंडांची सरकारी ग्रँट इन्स्टॉलरच परस्पर घेतो, उरलेले ४,२०० आम्ही भरले. तेव्हा शेजाऱ्याच्या हद्दीपासून १ मीटर अंतर सोडावं लागे, म्हणून पंपाचं बाहेरचं मशीन नेमकं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आलं. २०२५च्या मेमध्ये इंग्लंडमधली ती अट गेली. आमचं नशीब, दुसरं काय.

नोव्हेंबरात सासूबाई सांगलीहून आल्या. आल्या आल्या रेडिएटरला हात लावून म्हणाल्या, "अगं, हा बंब पेटलेलाच नाहीये." घरात २० डिग्री होतं, त्या सुती साडीत बसल्या होत्या, पण हात पोळला नाही म्हणजे बंद! एका दमट सकाळी बाहेरचं मशीन डीफ्रॉस्टला गेलं, म्हणजे अंगावर साचलेला बर्फ वितळवायला लागलं, वाफेचा लोट खिडकीवर आला, आणि त्यांनी "पेटलं, पेटलं" म्हणून सगळ्यांना उठवलं. त्यांचं मी मनावर घेतलं नाही. खरा प्रश्न भाऊजींचा.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मिल्टन कीन्सला असतात. इंजिनिअर आहेत, पुलांचे. डिसेंबरात आईला भेटायला आले आणि मी ऑफिसात असताना "वहिनी, सेटिंग नीट करून दिलंय" असा मेसेज आला. काय केलं होतं? रात्री १० ते ६ हीटिंग बंद, आणि फ्लो, म्हणजे रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ६०वर. बॉयलरला हे चालतं, तो तासाभरात घर तापवतो. पंप काय करणार? रात्रभरात १६वर उतरलेलं घर वर आणायला पहाटेच्या सगळ्यात गार हवेत जीव तोडून चालत राहिला. महिन्याचं बिल आलं २८५ पौंड. त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी टाकला हे सांगायला नको. खाली एकच ओळ: "पर्यावरण."

मी चिडून पंपाची जाडजूड पुस्तिका काढून बसले. तेव्हा कळलं की भाऊजी एकटेच दोषी नव्हते. इन्स्टॉलर फ्लो ५५वर ठेवून गेला होता आणि वेदर कॉम्पेन्सेशन, म्हणजे बाहेरच्या हवेप्रमाणे फ्लो आपोआप कमी-जास्त करणारी सोय, चालूच केलं नव्हतं. ते चालू केलं: बाहेर ० असेल तर ४३, १२ असेल तर ३२. रात्री बंद नाही, फक्त १८.५. मग कंट्रोलरवर एक युनिट विजेमागे उष्णता किती मिळते ते बघत गेले. डिसेंबरात २.६, फेब्रुवारीत ३.६.

हा फरक किती मोठा आहे ते बघा. त्या हिवाळ्यात वीज युनिटला साधारण २५ पेन्स होती आणि गॅस ६च्या थोडा वर. आमच्या जुन्या बॉयलरचा तोटा धरला तर गॅसची उष्णता साडेसात पेन्सला पडायची. पंपाची २.६ला साडेनऊच्या वर पडते, ३.६ला सात. म्हणजे तेच मशीन, तेच घर, फक्त बटणं कोणी दाबली एवढाच फरक. हा हिशोब मी ग्रुपवर टाकला. भाऊजींचं उत्तर: "फेब्रुवारीत थंडी कमी होती." होती, थोडी. यंदाच्या जानेवारीत ३.४ आला. तो स्क्रीनशॉट अजून बिनउत्तर पडून आहे.

तेव्हा तुम्हाला सांगते, पंप बसल्यावर कंट्रोलरला पिन घाला आणि ती पाहुण्यांना देऊ नका. सख्ख्यांना तर नाहीच.

कंपनीचं विचारलंत. सगळ्या कंपन्यांची मशीनं थोड्याफार फरकाने सारखीच. बघायचा तो इन्स्टॉलर. खोलीखोलीचा उष्णतेचा हिशोब न करता "एवढ्या घराला ८ किलोवॅट पुरे" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि हो, आमच्या भिंतींच्या पोकळीत आधीच्या मालकाने इन्सुलेशन भरलेलं होतं, हे आधीच सांगायला हवं होतं. तुमच्या भिंती भरीव असतील तर माझे आकडे तुम्हाला लागू नाहीत. बॉयलर दोन-तीन वर्षांपूर्वीच बदलला असेल तरी घाई कशाला?

गॅसचं कनेक्शन पूर्ण तोडलं तर रोजचे तीसेक पेन्स स्टँडिंग चार्जही (गॅस वापरा न वापरा, लागणारा ठरावीक आकार) वाचतात. आम्ही तोडलेलं नाही. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही. भाऊजी तिला "शंभर पौंडांची भाकरी" म्हणतात आणि आले की चार खातात.