कंबरदुखीवर चिनी पद्धतीच्या सुयांचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की चार महिने कंबर दुखते आहे, एमआरआयमध्ये गादी थोडी सरकलेली दिसली, डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलंय, तर चिनी उपचार करून पाहावेत का. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पाच वर्षं चीनमध्ये ग्वांगजौला होते आणि याच दुखण्यासाठी तिथे दहा वेळा सुया (म्हणजे ॲक्युपंक्चर) घेतल्या, म्हणून लिहिते.

आधी एक सांगते. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीची जागा बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, ताप, यातलं काहीही असेल तर सुयांचा विचार सोडा आणि आजच हॉस्पिटल गाठा.

तिथे डॉक्टरबाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि पालथं झोपवलं. काही सुया कंबरेत, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. दोन मात्र गुडघ्यांमागच्या घडीत! त्या बिंदूला वेइजोंग म्हणतात. 'कंबर-पाठीसाठी वेइजोंग शोधा' अशी एक ओळच त्यांच्या जुन्या पद्यात आहे. सुई फिरवत बाई सारखं विचारायच्या, "सुआन बू सुआन?" सुआन म्हणजे आंबट. माझ्यासोबतची मैत्रीण भाषांतर करताना अडखळली, पण मला लगेच कळलं. उभं राहून पाय आंबले, असं आपण म्हणतोच की. टोचल्याची कळ नव्हे, तर आत खोलवर असं आंबल्यासारखं, जड वाटलं की सुई लागू पडली असं ते मानतात.

चौथ्या खेपेनंतर मला वाकून मोजे घालता आले. पण त्याच सुमारास मी रोज चालायलाही लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय सुयांना देणार नाही.

जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना गुण आला होता, बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे आराम पडतो, पण नेमक्या बिंदूचा त्यात वाटा फार थोडा दिसतो. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीसाठी सुया देऊ नका असं सांगितलं. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना मात्र २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ खेपांचा खर्च देतं, आणि सुधारणा दिसली तरच पुढच्या ८ खेपांचा. तुम्हीही हाच हिशोब ठेवा. बारा खेपांत फरक नसेल तर थांबा, पॅकेजच्या मोहात पडू नका.

काढे मात्र घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. दुखण्यावरच्या काही चिनी काढ्यांत बचनागाच्या कुळातली मुळं असतात. ती नीट उकळली गेली नाहीत तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावूही शकतो.

सुया इथेही मिळतील. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे ही विद्या शिकून आले आणि त्यांनी ती कोलकात्यात रुजवली. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिली सुई टोचण्याआधीच सांगा.