पेडलवाली घेऊ की वल्ह्याची?

प्रश्न : भाऊ, मी दर रविवारी वडगाव धरणावर नाहीतर रामटेकच्या खिंडसीवर गळ टाकायला जातो, आतापर्यंत काठावरूनच. आता वर बसायची फिशिंग कयाक, म्हणजे एकट्यानं चालवायची छोटी अरुंद नाव, घ्यायचा विचार करून राहिलो. दोन पसंत पडल्या. एक साडेदहा फुटी, ३४ इंच रुंद, वल्ह्याची, वजन ३० किलो. दुसरी १२ फुटी, ३६ इंच, पेडल मारायची, खाली पंखा आहे, वजन ४८ किलो आणि किंमत दुपटीच्या वर. माझं वजन ९२, गाडी वॅगनआर, सोबत सहसा कोणी नसतं. मित्र म्हणतात पेडलवालीच घे, हात मोकळे राहतात. आणि हो, दोन्हींच्या बुडाला आरपार भोकं आहेत, त्यातून पाणी वर येणार नाही का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : हात मोकळे राहतात हे खरंच आहे, त्यात वाद नाही. रॉडला मासा लागलाय, वारा तुम्हाला भलतीकडे ढकलून राहिला, अशा वेळी पायानं नाव जागेवर धरता येते, वल्हेवाल्याची तिथं तारांबळ उडते. पण तुम्ही एकटे जाता आणि गाडी वॅगनआर, इथंच माझं अर्धं उत्तर ठरलं. मे महिन्यात धरणाचं पाणी किती आत जातं ते तुम्ही बघताच. गाडी लावली तिथून आधी ढेकळं, मग भेगाळलेली जमीन आणि शेवटी पोटरीभर चिखल, हे सगळं ४८ किलो ओढत जायचं आणि दुपारी उन्हात थकून परत यायचं. पेडलचं युनिट आणि खुर्ची काढून वेगळी नेता येते म्हणा, पण मग दोन फेऱ्या. वॅगनआरची लांबी ३.६५ मीटर, १२ फूट म्हणजे ३.६६, म्हणजे नाव गाडीएवढीच, आणि ते छत चांगलं साडेपाच फूट उंच. एकट्यानं चढवायची तर एक टोक मागून छतावर टेकवायचं आणि दुसरं उचलून पुढं सरकवायचं. ३० किलोला हे जमतं, ४८ ला पाठ बोलते.

दुसरं म्हणजे जाळी. आपल्याकडच्या बहुतेक तलाव-धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायट्यांकडे असतो, ढिवर बांधव संध्याकाळी जाळी लावतात, वर नुसत्या रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसतात. वल्ह्याची नाव त्यावरून सरकून जाते, पंखा मात्र जाळ्यात गेला की तुमचीही पंचाईत आणि त्या बिचाऱ्याचंही नुकसान. पाणवनस्पतीचंही तेच, पंख्याला गुंडाळली की दर थोड्या वेळानं वर घेऊन सोडवत बसा. पेडलमध्ये दुसरा प्रकारही आहे, हॉबी कंपनीनं १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह आणलं, त्यात पंखा नाही, खाली दोन लवचिक पाती डावी-उजवीकडे हलतात, उथळ पाण्यात ती नावेच्या बुडाला चिकटवून घेता येतात. पण सुरुवातीला त्याला रिव्हर्स नव्हता, तो बऱ्याच वर्षांनी आला, पंखेवाल्यात उलटं पेडल मारलं की लगेच मागं. गोसीखुर्दसारख्या लांबच लांब पाण्यात फिरायचं असतं आणि सोबत कोणी असतं तर मी पेडलच म्हणालो असतो.

आता भोकं. त्यांना स्कपर म्हणतात. वर बसायच्या कयाकचं अंग पूर्ण बंद असतं, आत हवा, आणि ही भोकं म्हणजे वरच्या बैठकीपासून बुडापर्यंत गेलेल्या नळ्या, त्या आतल्या पोकळीत उघडतच नाहीत. बैठक पाण्याच्या पातळीच्या वर असली की अंगावर उडालेलं पाणी आपोआप खाली जातं. वजन जास्त झालं, बैठक खाली गेली, की तेच पाणी उलट वर येतं आणि तुम्ही ओल्यात बसता, नाव बुडत मात्र नाही. म्हणून क्षमता बघा. कंपनी जो आकडा छापते त्याच्या साधारण दोन-तृतीयांशातच भागवायचं, तुम्ही ९२ आणि सामान १५ धरलं तर छापील आकडा १६० च्या वर हवाच. शांत पाण्यात सीटखालच्या स्कपरना रबरी बुच लावा, लाटा असतील तर काढून ठेवा.

आणि एक, स्कपरमध्ये दांडे खुपसून नाव ओढायची चाकाची गाडी मिळते ती घेऊ नका. नावेचं सगळं वजन त्या नळीच्या काठावर येतं, खडबडीत जमिनीवर तिथंच बारीक चीर पडते आणि मग पाणी आतल्या पोकळीत जातं. पट्ट्यानं बांधायची गाडी घ्या. जुनी नाव घेत असाल तर अंधारात झाकणातून आत टॉर्च लावा आणि बाहेरून प्रत्येक नळीची कडा बघा, उजेड झिरपला की समजून जा. आत साचलेलं थोडं पाणीही वाईट, नाव कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं.

उभं राहून गळ टाकायचा असेल तर रुंदीइतकाच तळाचा आकारही महत्त्वाचा. सपाट तळ किंवा दोन बाजूंना फुगवटे आणि मधे पन्हाळ असलेला तळ, यावर उभं राहिलं तर डुगडुगत नाही. मात्र रुंदी वाढली की चाल मंदावते, नि बसून वल्हं मारताना बोटं काठाला घासतात, ३६ इंचाला लांब वल्हं लागतं. ३४ तुम्हाला पुरे. फ्रेमवाली उंच खुर्ची घ्या, पण ती खाली घेता आली पाहिजे, वारा सुटला की खालीच बसायचं. रॉड होल्डरसाठी भोकं पाडण्यापेक्षा कडेला रेल असलेलं मॉडेल बघा, होल्डर सरकवून वल्ह्याच्या वाटेतून बाजूला नेता येतो.

एवढं वाचून कळलंच असेल, साडेदहा फुटीच घ्या. उरलेल्या पैशात पाठीकडचा फोम फक्त वरच्या भागात असलेलं चांगलं लाइफ जॅकेट घ्या, नाहीतर खुर्चीच्या पाठीला अडतं आणि मग माणूस ते काढून ठेवतो. पहिल्या दिवशी गळ घरीच ठेवा, कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटून परत चढायचा सराव करा. सोसायटीशी आधी बोलून परवानगी घ्या, तोतलाडोहाकडे तर फिरकूच नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथं मासेमारी बंद आहे.

नागपूरच्या उन्हात ही पॉलिथिलीनची नाव छतावर घट्ट आवळून ठेवू नका, तळाला खड्डा पडतो. पडलाच तर पट्टा सोडून उन्हात पालथी ठेवा, बहुतेक वेळा आपोआप भरून येतो.

प्रश्न : मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. हवा भरायची फिशिंग कयाक चालेल का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : चालेल ताई, तुमच्यासाठी तीच बरी. फक्त ड्रॉप-स्टिच तळाची घ्या, आतल्या हजारो धाग्यांमुळे तळ फळीसारखा कडक होतो, साध्या फुगवणीच्या नावेत मधे खोलगट पडतो. वारा मात्र तिला जास्त ढकलतो, छोटा नांगर सोबत ठेवा. काठावर बाभळी असतात, तेव्हा नाव ओढू नका, उचलून न्या आणि फुगवायला खाली ताडपत्री अंथरा. दुपारी कडक फुगवून उन्हात सोडून जेवायला बसू नका, आतली हवा तापून प्रसरण पावते, पाण्याबाहेर काढली की थोडी सोडून द्या. पॅच आणि गोंद घरी नाही, बॅगेत.