बाख फुकट, पुस्तक विकत: नोटेशनच्या पीडीएफचे प्रश्न

नोटेशनच्या पीडीएफबद्दल एवढी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. त्यातली तीन घेतेय.

ताई, मुलगी पियानोची ग्रेडची परीक्षा देतेय. सर म्हणतात पुस्तक विकतच घ्या आणि इकडे पालकांच्या ग्रुपवर अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ आलीय. पुस्तकातला जर्मन संगीतकार बाख १७५० साली गेला, मग पैसे द्यायचे कोणाला? एकीने आयएमएसएलपी ही फुकट नोटेशनची साइट सुचवली तर तिथे पण मेंबरशिप मागतायत. फुकट म्हणायचं आणि नंतर पैसे काढायचे, हा कुठला न्याय?
*– एक आई, डोंबिवली*

बाखचे पैसे कोणी मागतच नाहीये हो. पैसे आहेत ते पुस्तक तयार करणाऱ्याचे, म्हणजे बोटांचे नंबर, ट्रिल (दोन स्वर झरझर आलटून-पालटून वाजवणं) नेमकी कशी वाजवायची त्याची टीप, नव्याने जुळवलेली पानं वगैरे, आणि परीक्षेच्या पुस्तकात बाखच्या मागेपुढे एखाद्या हयात संगीतकाराचा पीस पण असतोच, त्याचं घर त्यावर चालतं. त्यामुळे ग्रुपवरची ती पीडीएफ चोरीचीच, गोड बोलून सांगण्यासारखं काही नाही. त्यात ट्रिनिटीसारख्या बोर्डाच्या सिलॅबसमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की परवानगी नसलेल्या झेरॉक्सवरून वाजवायचं नाही. सर उगाच खर्चात पाडत नाहीयेत तुम्हाला.

आता आयएमएसएलपी. ही साइट एडवर्ड ग्वो नावाच्या संगीताच्या विद्यार्थ्याने २००६ ला सुरू केली, कॉपीराइट संपलेलं संगीत स्कॅन करून सगळ्यांना फुकट द्यायचं एवढीच कल्पना. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशकाची वकिली नोटीस आली आणि साइट बंदच पडली. भांडण कशावरून, तर साइट कॅनडाची, तिथे तेव्हा संगीतकार गेल्यावर ५० वर्षांनी संगीत मोकळं व्हायचं आणि युरोपात ७० वर्षांनी. हंगेरीच्या बार्तोक या संगीतकाराचं बघा ना, १९४५ ला गेला, म्हणजे कॅनडात १९९५ संपलं की मोकळा आणि युरोपात २०१५ संपेपर्यंत बांधलेला. एकटा विद्यार्थी प्रकाशकाशी कोर्टात काय लढणार! २००८ च्या जूनअखेर साइट परत आली, तेव्हापासून कुठल्या देशात काय चालतं ते तिथे फाइलसोबत लिहिलेलं असतं, ते डाउनलोड करण्याआधी वाचायचं. आपल्याकडे ६० वर्षं.

गंमत म्हणजे या लायब्ररीला नाव दिलंय पेत्रुच्चीचं, आणि हा व्हेनिसचा छापखानेवाला स्वतः १४९८ साली सरकारकडून २० वर्षांचा मक्ता घेऊन बसला होता, की अनेक आवाजांचं संगीत मीच छापणार, दुसऱ्या कोणी छापायचं नाही!

मेंबरशिपचं म्हणाल तर ती न घेताही फाइल मिळते, फक्त पंधरा सेकंद थांबायला लावतात. थांबा की. सर्व्हरचं भाडं कोणीतरी भरतंच ना, आणि रोज वापरणाऱ्याने वर्षाचे थोडे पैसे टाकले तर मला त्यात काही फसवणूक दिसत नाही. जी साइट स्वतः काहीच न करता दुसऱ्यांनी स्कॅन केलेल्या फाइली गोळा करून वर सबस्क्रिप्शन लावते, तिच्यावर चिडा, तुमच्या बाजूने मी पण येईन.

एक सांभाळा मात्र. फुकट मिळणारी प्रत जुनी असते आणि एकाच पीसच्या चार-पाच निघतात. बाखचं संगीत छापणाऱ्या बाख-गेसेलशाफ्ट या जर्मन संस्थेची १९व्या शतकातली घेतलीत तर पान स्वच्छ पण बोटांचे नंबर नाहीत, आणि चेर्नी या पियानोशिक्षकाने तयार केलेली घेतलीत तर त्यात हळू-जोरात वाजवायच्या खुणाच खुणा, ज्या बाखने लिहिलेल्याच नाहीत. कुठली घ्यायची ते सरांना विचारून घ्या.

मी निवृत्त झाल्यापासून नाट्यपदं आणि भावगीतांची नोटेशन्स हाताने लिहितो, स्कॅन करून पेटी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर फुकट टाकतो. परवा कळलं की एकाने माझीच पानं माझं नाव कापून महिना-वर्गणीच्या चॅनेलवर ठेवलीयत. मला काही करता येईल का?
*– पेटीवाले काका, सांगली*

काका, राग रास्त आहे तुमचा. पण आधी तुमच्याच वह्या तपासू. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो की माणूस गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, आणि चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे असतील तर दोघांची वेगवेगळी. चाल भास्करबुवा बखल्यांची असेल तर ते १९२२ ला गेले, ते कधीच मोकळे. शब्द खाडिलकरांचे असतील तर ते १९४८ ला गेले, तेही मोकळे. चाल देणारे गोविंदराव टेंबे १९५५ ला गेले, म्हणजे २०१६ पासून मोकळे. पण मास्टर कृष्णराव १९७४ ला गेले, त्यांच्या चाली २०३४ संपेपर्यंत नाहीत. आणि भावगीतांत तर पंचाईतच, गदिमांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि बाबूजींच्या चाली थेट २०६२ अखेरपर्यंत! कानाने ऐकून सा-रे-ग-म लिहिलं म्हणून ते आपलं होत नाही, कायद्यात चालीचं लिप्यंतर हे सुद्धा मूळ हक्कदाराच्याच परवानगीचं काम आहे. घरी वहीत स्वतःसाठी लिहा, कोणी विचारायला येत नाही. पीडीएफ करून वाटणं वेगळं, फुकट वाटली तरी.

तर मोकळ्या नाट्यपदांच्या पानांपुरते तुम्ही भक्कम. पदांमधल्या जागा भरायला तुम्ही स्वतः बांधलेले पेटीचे तुकडे असतील तर ते तुमचेच, त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आपल्याकडे. ग्रुपवर टाकल्याच्या तारखा, मूळ वही आणि त्याच्या चॅनेलचे स्क्रीनशॉट जोडून आधी चॅनेलवाल्याला आणि मग ज्या प्लॅटफॉर्मवर चॅनेल आहे त्यांच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर पाठवा. भावगीतांची पानं त्या तक्रारीत घालू नका, तिथे उलट तुम्हालाच प्रश्न येतील. आणि यापुढे नाव पानाच्या कोपऱ्यात नको, ओळींच्या मधोमध फिकट अक्षरात घाला, "नाव ठेवून वाटा, विकू नका" असं. कापायला गेला तर गाणंच कापलं जाईल.

नोटेशन उघडं करावं की नाही हा वाद आपल्याकडे जुनाच आहे बरं का. भातखंडे स्वतः वकील, त्यांनी घराण्यांनी जपून ठेवलेल्या चिजा मिळवून मराठीत पुस्तकं छापली, तेव्हा काही उस्तादांना ते अजिबात रुचलं नव्हतं. आणि आज त्याच पुस्तकांवर किती क्लास चालतात.

मी व्हायोलिन शिकवते आणि चर्चचा कॉयर पण बघते. सहा मुलांत एक पुस्तक असतं. झेरॉक्स चालेल का? आणि स्कॅन ड्राइव्हवर टाकून लिंक दिली तर?
*– एक टीचर, मडगाव*

अगं, शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला आपल्या कायद्यात सूट आहे, कलम ५२ मध्ये. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी केस केली होती ना, ती २०१६ ला दिल्ली हायकोर्टात प्रकाशक हरले ते याच मुद्द्यावर. ती केस विद्यापीठाची होती, तेव्हा क्लासमध्ये आज शिकवायच्या दोन पानांवर थांब, पूर्ण पुस्तक सहा वेळा काढू नकोस. ड्राइव्हची उघडी लिंक तर नकोच, ती मडगावहून मेलबर्नला कधी पोचेल कळणार पण नाही तुला, आणि मग शिकवण्याची सूट कुठून दाखवणार? परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मात्र स्वतःची प्रत घ्यायला लाव. मुंबईला कोणी जाणार असेल तर धोबी तलावला फुर्टाडोज या संगीताच्या दुकानात पुस्तकं बघून घेता येतात.

कॉयरसाठी सीपीडीएल (कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी) ही साइट बघ, १९९८ पासून चालू आहे, फक्त समूहगायनाचं संगीत, फुकट. हल्लीच्या लोकांनी कॉम्प्युटरवर नव्याने जुळवलेली पानं असतात, वाचायला सुटसुटीत. प्रत्येक एडिशनखाली कॉपीराइटची एक ओळ असते, तिथे 'पर्सनल' लिहिलेलं दिसलं तर ज्याने ती तयार केलीय त्याला मेल टाकून किती प्रती काढणार ते सांग आणि परवानगी घे. ख्रिसमसचं हवं असेल तर ऑक्टोबरमध्येच विचार, डिसेंबरच्या वीस तारखेला नको.