6300 ची रेषा: ताऱ्याची की आपल्याच आकाशाची?

8 इंची न्यूटोनियन दुर्बीण, आल्पी 600 हा छोटा स्पेक्ट्रोग्राफ (वर्णपट घेणारं उपकरण) आणि कर्जतच्या बाजूचं आकाश, एवढ्या भांडवलावर थेट एफएस कॅनिस मेजॉरिस या बी[ई] ताऱ्याला (कंसातला ई म्हणजे वर्णपटात ‘निषिद्ध’ रेषा असलेला उष्ण तारा) हात घातलात, हे झकास केलंत. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गॅमा कॅसिओपियासारखी हायड्रोजन अल्फा (हायड्रोजनची लाल रेषा) तर दणदणीत आलीच, शिवाय 6300 अँगस्ट्रॉम तरंगलांबीला एक बारीक शिखर दिसलं. ती या ताऱ्याची ‘निषिद्ध’ ऑक्सिजन रेषा धरायची का?

असेलही. पण तुम्ही टाकलेल्या आलेखावरून ते ठरत नाही. नेमक्या त्याच तरंगलांबीला आपलं स्वतःचं आकाशही रात्रभर उजळत असतं.

हा योगायोग नाही. उदासीन ऑक्सिजन अणूला जरा ऊर्जा मिळाली की तो एका अशा पातळीवर जाऊन बसतो, जिथून खाली यायला त्याला साधारण दोन मिनिटं लागतात. अणूंच्या जगात हा अवधी प्रचंड. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा धक्का लागला तर ऊर्जा टकरीत निघून जाते आणि प्रकाश बाहेर पडतच नाही. त्यामुळे 6300 ची ही ‘निषिद्ध’ रेषा उमटायला अतिशय विरळ वायू लागतो. असा वायू आपल्या डोक्यावर सुमारे 250 किलोमीटर उंचीवर आहे, आणि बी[ई] ताऱ्यांच्या भोवतीही आहे. गॅमा कॅसिओपियासारख्या साध्या बीई ताऱ्याच्या (हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा दाखवणारा, पण निषिद्ध रेषा नसलेला उष्ण तारा) भोवतालच्या वायूच्या चकतीत तो नाही; तिथे गर्दी इतकी, की ऑक्सिजनला निवांत दोन मिनिटं मिळतच नाहीत.

बी[ई] ताऱ्यात ही रेषा दिसली की त्यावरून आणखी एक गोष्ट कळते. तारा वीस हजार अंशांच्या घरातला, त्याच्या अतिनील माऱ्यात ऑक्सिजन उदासीन राहूच नये. तरीही तो राहिला, म्हणजे आतल्या दाट चकतीने बाहेरच्या वायूला सावलीत ठेवलं आहे. धुळीचंही तेच. साधारण 1500 केल्विनच्या वर धूलिकण टिकत नाहीत, त्यामुळे धूळही अशाच दूरच्या, आडोशाच्या जागी सापडते. म्हणून निषिद्ध रेषा आणि धूळ या ताऱ्यांत जोडीने येतात.

आता आपल्या आकाशाकडे येऊ. युरोपातल्या हौशी वर्णपटवाल्यांच्या मार्गदर्शिकांत ऑक्सिजनच्याच 5577 च्या हिरव्या रेषेबद्दल भरपूर असतं, 6300 चा उल्लेख बहुधा जाता जाता. त्यांच्या अक्षांशांवर ते खपून जातं, आपल्याकडे नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. सूर्यास्ताच्या सुमारास तिथला आयनित वायू वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना, उत्तरेकडे आपल्या दिशेने, उतरतो. त्यातून 6300 चा एअरग्लो (आकाशाची स्वतःची मंद चमक) आपल्या पट्ट्यात चांगलाच वाढतो, आणि वर तो सलग नसतो. कोल्हापूरहून याच रेषेत संपूर्ण आकाशाचं चित्रण वर्षानुवर्षं झालं आहे. त्या चित्रांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे सरकताना दिसतात, ते आयनांबरातले (वातावरणाच्या वरच्या, आयनित थरातले) बुडबुडे. थोडक्यात, तुमच्या दहा फ्रेम्समध्ये आकाशाची 6300 सारखीच असेल, हे गृहीत धरू नका. संध्याकाळी ती जास्त असते आणि रात्र चढेल तशी बहुतेक वेळा उतरते. डिसेंबरअखेर हा तारा मध्यरात्रीच सर्वांत उंच असतो, तेव्हा घाई न करता बाराच्या पुढे सुरुवात करा.

मग ओळखायचं कसं? आधी कच्ची फ्रेम उघडा, आलेख नंतर. ताऱ्याचा वर्णपट ही एक आडवी बारीक रेघ. आकाशाच्या रेषा तिला छेदून स्लिटच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या बारीक फटीच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभ्या गेलेल्या: 5461 ला पाऱ्याच्या दिव्यांची, 5577, 5890 च्या आसपास सोडियमची, 6300. आता 6300 च्या उभ्या रेषेवर झूम करा आणि ती ताऱ्याच्या रेघेला ओलांडते त्या जागी नीट बघा. तिथे ती ताऱ्याचा अखंड वर्णपट आणि आकाशाची रेषा यांच्या बेरजेपेक्षाही वर ठसठशीत गाठ मारून बसली असेल तर ताऱ्याचा काहीतरी वाटा आहे. वरपासून खालपर्यंत एकसारखीच असेल तर ती आपल्या आकाशाची.

त्यानंतर वजाबाकी. सॉफ्टवेअर ताऱ्याच्या वरचा आणि खालचा पट्टा घेऊन आकाश वजा करतं, पण स्लिटची प्रतिमा किंचित तिरकी किंवा वाकडी असली आणि ती सरळ केलेली नसली, तर वजाबाकी चुकते. मग रेषेच्या जागी एका बाजूला उंचवटा आणि लगेच शेजारी खड्डा उरतो. तुमच्या आलेखात 6300 च्या उजवीकडे मला असाच छोटा खड्डा दिसतो आहे, आणि शंका तिथूनच आली. (तिथेच आसपास, साधारण 6276 पासून, वातावरणातल्या ऑक्सिजन रेणूंचा शोषणपट्टाही सुरू होतो, त्यामुळे पूर्ण दोष वजाबाकीवर लगेच टाकत नाही.)

निकाल 5577 लावेल. बी[ई] ताऱ्यांत ती रेषा एकतर नसते किंवा 6300 च्या मानाने फार क्षीण असते. आकाशात मात्र ती ठळक असते. वजाबाकीनंतर 5577 ची जागा सपाट असेल तर तुमच्या 6300 वर विश्वास ठेवायला जागा आहे. तिथेही काही शिल्लक असेल तर 6300 चं नाव सध्या काढू नका. 6364 च्या जोडरेषेने मात्र काही सिद्ध होत नाही. 6300 शी तिचं एकास तीन हे प्रमाण आकाशात आणि ताऱ्यात सारखंच, कारण दोन्ही रेषा एकाच पातळीवरून निघतात. शिवाय 6371 ला सिलिकॉनची रेषा असते, आणि आल्पीला हे सात अँगस्ट्रॉमचं अंतर वेगळं करता येत नाही.

जवळचाच आठव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा तेजस्वी) एखादा साधा ए वर्गाचा तारा त्याच रात्री, तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच वेळाच्या फ्रेम्सने घ्या आणि त्याच कृतीतून काढा. त्यातही 6300 उगवली तर प्रश्न मिटला, ती आकाशाचीच. कंटाळवाणं काम आहे, म्हणून लोक टाळतात.

पुढे कधी ल्हायर्ससारखा जास्त विभेदनाचा (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवणारा) स्पेक्ट्रोग्राफ हाताशी आला, तर पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाचा उपयोग करून घेता येईल. सेकंदाला 30 किलोमीटर वेग म्हणजे 6300 ला जेमतेम 0.6 अँगस्ट्रॉमचा सरकाव. ऋतूंनुसार ताऱ्याची रेषा हलते, आकाशाची जागची हलत नाही.

हायड्रोजन अल्फाबद्दल एकच. 300 सेकंदांच्या फ्रेममध्ये तुमचं शिखर वरून सपाट कापलेलं दिसतं, म्हणजे सेन्सर भरून वाहिला. या ताऱ्यात अल्फा इतकी बलवान आहे, की तिच्यासाठी छोट्या फ्रेम्स वेगळ्याच घ्याव्या लागतात. बेस (BeSS) या बीई ताऱ्यांच्या वर्णपटांच्या डेटाबेसला वर्णपट पाठवणार असाल तर ते आधी करा.

धूळ तुमच्या दुर्बिणीतून दिसणार नाही, पण ती घरबसल्या तपासता येते. व्हिझियर या तारासूचींच्या संकेतस्थळावर ताऱ्याच्या प्रकाशाच्या सगळ्या पट्ट्यांतल्या प्रती एकत्र मिळतात. उष्ण तारा अवरक्तात फिकट होत जायला हवा; हा मात्र दृश्य प्रकाशात आठव्या प्रतीच्या आसपास असून के या अवरक्त पट्ट्यात पाचव्याच्या आसपास आहे. तो जादा उजेड धुळीचा. गॅमा कॅसिओपियाचा आलेख शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळेल.

पुढचं लक्ष्य म्हणून एचडी 50138 घ्या, शृंगाश्व तारकासमूहात, साडेसहाव्या प्रतीच्या जवळपास. तुमच्या उपकरणाला तो जास्त सोपा जाईल. हात बसला की पपिस तारकासमूहातला 3 पपिस. तो ए वर्गाचा महाराक्षसी तारा आहे, धूळ आणि निषिद्ध रेषा दोन्ही बाळगतो, आणि चौथ्या प्रतीचा असल्याने अंधाऱ्या जागेतून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. महाराष्ट्रातून तो 40 अंशांच्या आसपास चढतो, ही सोय युरोपवाल्यांना नाही. एमडब्ल्यूसी 349ए या आणखी एका बी[ई] ताऱ्याचं नाव वाचून मात्र हुरळून जाऊ नका. रेडिओत तो प्रसिद्ध आहे, पण दृश्य प्रकाशात मधल्या धुळीने त्याला पार झाकून टाकलं आहे, 8 इंचीला तो झेपायचा नाही.

तूर्त त्या रात्रीची एक कच्ची फ्रेम, वजाबाकी न केलेली आणि कडा न कापलेली, इथे टाका. 5577 आणि 6300 दोन्ही त्यात असू द्या.