जुन्या सिको ६३०९ डायव्ह वॉचच्या दुरुस्तीत अस्सल भाग वापरावेत की आफ्टरमार्केट?

आपण लिलावात घेतलेले सिको ६३०९-७०४० हे पाणबुड्यांसाठीचे घड्याळ (डायव्हर) बंद पडलेले आहे, त्याची तबकडी वयाच्या मानाने फारच कोरी दिसते, आणि सगळे भाग अस्सल मिळेपर्यंत थांबावे की आफ्टरमार्केट, म्हणजे सिकोऐवजी इतर कारखान्यांनी बनवलेले, भाग घालून ते चालू करावे, असा आपला प्रश्न आहे. दुरुस्तीनंतर ते घालून पोहता येईल का, हेही आपण विचारले आहे. मी व्यवसायाने घड्याळे दुरुस्त करणारा नाही. पण हौसेपोटी अशी बरीच घड्याळे उघडली, काही बिघडवली आणि बहुतेक पुन्हा चालू केली, त्या अनुभवावरून लिहितो.

माझे मत असे की, जे डोळ्यांना दिसते ते शक्यतो अस्सल आणि जुनेच ठेवावे, आणि जे पाणी अडवते ते निःसंकोच नवे घालावे, मग ते कोणत्याही चांगल्या कारखान्याचे असो. तबकडी, काटे आणि केस (घड्याळाचे धातूचे बाहेरचे कवच) यांच्यावर त्या घड्याळाचा इतिहास असतो. रबराच्या रिंगेवर कसलाही इतिहास नसतो, असलाच तर तो चिरा पडल्याचा असतो.

काहीही विकत घेण्याआधी हातात नेमके काय आहे ते ठरवावे. मागच्या झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा, नोव्हेंबर व डिसेंबरसाठी मात्र एन आणि डी ही अक्षरे येतात. म्हणजे क्रमांक ७३ ने सुरू होत असेल, तर झाकण मार्च १९७७ चे किंवा मार्च १९८७ चे आहे, कारण हे मॉडेल १९७६ पासून १९८८ पर्यंत बनत होते. (हे वय झाकणाचे आहे, हे विसरू नये, बाकीचे घड्याळ दुसऱ्याच वर्षाचे असू शकते.) मशीन चालू झाले की चावी, म्हणजे वेळ लावण्याचे बाजूचे बटण, पूर्ण बाहेर ओढून पाहावी. ६३०९ या मशीनमध्ये सेकंदकाटा थांबवण्याची सोय नाही आणि चावी फिरवून स्प्रिंगही भरता येत नाही, त्यामुळे चावी ओढल्यावर सेकंदकाटा जागच्या जागी थांबला, तर आत ६३०९ नाही. ते जपानी बाजारासाठीचे ६३०६ असेल तर नशीब म्हणावे. बहुधा मात्र कोणीतरी आजचे मशीन आत बसवलेले निघते.

तबकडी ओळखायला दहापट भिंग पुरेसे आहे. अस्सल तबकडीवरची छपाई बारीक व कडेला स्वच्छ असते आणि खुणांवरचा चमकणारा लेप वयाने पिवळसर किंवा करडा झालेला असतो. आफ्टरमार्केट तबकडीवर अक्षरे जाड, शाई किंचित फुगलेली आणि लेप पांढराशुभ्र किंवा हिरवट दिसतो. तबकडी जुनी आणि काटे अंधारात दिव्यासारखे उजळत असतील, तर काटे बदललेले आहेत. एक इशारा येथेच देतो. आपल्या घड्याळाला तो लागू नाही, पण पुढे कधी १९५० च्या दशकातले घड्याळ हाती आले, तर त्याचा लेप कधीही खरवडू नये. त्या काळी रेडियम वापरत आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. लेप चमकायचा थांबतो तो त्यातले झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियम तसेच शिल्लक असते आणि त्याची धूळ श्वासावाटे आत जाणे हा खरा धोका आहे.

मशीनसाठी नवे अस्सल भाग शोधत बसण्यापेक्षा दाता घड्याळ, म्हणजे भाग काढून घेण्यासाठी दुसरे जुने घड्याळ, शोधावे. हेच ६३०९ मशीन त्या काळच्या कित्येक साध्या सिको ५ घड्याळांत होते आणि त्यांतून बॅलन्स (वेळ राखणारे झुलते चाक), इतर चाके, मॅजिक लिव्हर (मनगटाच्या हालचालीने स्प्रिंग भरणारी पट्टी) असे सगळे अस्सल मिळते. मात्र येथे एक खाच आहे आणि मी तीत पडलो आहे. साध्या घड्याळाची चावी कित्येकदा तीन वाजता असते, तर आपल्या डायव्हरची चार वाजता. तारखेची खिडकी मात्र दोन्हींत तीनलाच. म्हणजे डायव्हरमध्ये सगळे मशीन थोडे फिरवून बसवलेले असते आणि त्याच्या तारीख-वाराच्या चकत्यांवर आकडे त्या कोनाला जुळतील असे छापलेले असतात. मी पहिल्यांदा दाता मशीन उचलून जसेच्या तसे बसवले, काटे लावले, झाकण मिटले आणि मग पाहिले, तर खिडकीतला सतरा आकडा तिरका, अर्धा चौकटीबाहेर, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसासारखा दिसत होता. पुन्हा सगळे उघडावे लागले. तेव्हा दात्याचे मशीन घ्यावे, पण चकत्या आपल्या जुन्याच ठेवाव्यात.

मशीन धुऊन तेल घालताना मेनस्प्रिंगच्या, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या, डब्याकडे विशेष लक्ष द्यावे. स्वयंचलित घड्याळात स्प्रिंग पूर्ण भरली की तिचे बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीवरून घसरले पाहिजे, आणि ते योग्य वेळी घसरावे म्हणून भिंतीला वेगळे, पकड देणारे ग्रीस लागते. तेथे साधे तेल घातले, तर स्प्रिंग लवकर घसरते आणि रात्री काढून ठेवलेले घड्याळ सकाळपर्यंत थांबते. मग माणूस दोष भलतीकडेच शोधत राहतो.

आफ्टरमार्केट काटे घ्यावेच लागले, तर ते बसवल्यावर लगेच झाकण लावू नये. चावीने काटे पूर्ण बारा तास फिरवावेत आणि प्रत्येक भेटीच्या वेळी घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा आणि काच यांच्यामध्ये उजेडाची फट दिसते का ते पाहावे. माझे एक घड्याळ रोज दुपारी बारा वाजून काही सेकंदांनी थांबत असे. दोन आठवडे मी मशीनला दोष दिला आणि अखेर कळले, की नवा मिनिटकाटा केसभर वाकलेला असल्याने तो तासकाट्याला टेकत होता.

केस पॉलिश करण्याचा मोह टाळावा. या केसचा वरचा भाग बारीक रेघांचा आणि कडा चकाकत्या आहेत. या दोन पृष्ठांमधली धार हेच तिचे सौंदर्य आहे आणि बफिंगच्या चाकावर ती दोन मिनिटांत विरघळल्यासारखी गोल होते. ओरखडे राहू द्यावेत. पट्टा कोणताही चालेल.

आता पाण्याविषयी. मागच्या झाकणाची, काचेची आणि चावीतली अशी सगळी गॅस्केट्स (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा) नवी घालावीत, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि झाकण आवळताना रिंग पिळवटत नाही याची खात्री करावी. काच मूळ हार्डलेक्सऐवजी (सिकोची कडक केलेली खनिज काच) सॅफायर, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची, घातली तरी माझी हरकत नाही, फक्त जाडी मोजून घ्यावी. चावीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. आफ्टरमार्केट चावीचे आटे जराही वेगळे असले, तर ती केसवरचे आटे खाते आणि ते नुकसान भरून काढणे फार अवघड असते. फिरवताना वाळूत फिरवल्यासारखे वाटले, तर जोर न लावता तेथेच थांबावे.

तबकडीवर १५० मीटर लिहिले आहे म्हणून ते आज खरे ठरत नाही. घड्याळ कोरड्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या चाचणीसाठी न्यावे. दर दहा मीटर खोलीला सुमारे एक बार, म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका, दाब वाढतो. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ मानकात लिहिलेल्या खोलीच्या १२५ टक्के दाबाची चाचणी आहे, पण पन्नाशीकडे झुकलेल्या केसला इतका ताण देण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्याच मानकातली एक सोपी तपासणी मात्र घरी करता येते. घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअस इतके कोमट करून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवावा आणि मिनिटाभराने पुसावा. काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसले, तर आत ओल आहे आणि घड्याळ त्याच दिवशी उघडले पाहिजे. धुके नाही याचा अर्थ ते पाणी अडवते असा होत नाही. फक्त आतली हवा सध्या कोरडी आहे, इतकेच. दाबाची चाचणी पार पडल्यावर मी अशा घड्याळाने हात धुतो, पावसात जातो, पण पोहायला वेगळे घड्याळ घालतो.

काढलेला प्रत्येक जुना भाग, खराब असला तरी, तारीख लिहिलेल्या छोट्या पिशवीत जपून ठेवावा आणि कोणता भाग बदलला याची चिठ्ठी सोबत ठेवावी. पुढे आपण ते विकले, तर घड्याळाबरोबर ती चिठ्ठीही घेणाऱ्याच्या हाती द्यावी.