नाही म्हटलं का पाप, हो म्हटलं का येडा

दानधर्माचा सल्ला मागायला माझ्याकडं कोणी येत नाही. लोक येतात ते झोप उडाली म्हणून, नाहीतर घरात रोज खटके उडतात म्हणून. दारव्हा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी असेच काकूंना घेऊन आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच म्हणाले, "मॅडम, नाही म्हटलं का पाप लागते, हो म्हटलं का येड्यात निघतो. करू काय मी?"

झालं होतं असं. मोबाइलवर एका लहान पोराचा फोटो आला. नाकात नळी, ऑपरेशनसाठी मदतीची विनवणी, खाली क्यूआर कोड. गुरुजींनी पंधरा हजार पाठवले. थोड्याच दिवसांत तोच फोटो दुसऱ्या नावानं, दुसऱ्या आजारासाठी फिरत आला. मग गुरुजींनी हात आखडला तो पुरताच. आणि नेमकी तेव्हाच, त्यांच्या वावरात कित्येक वर्षं निंदण-वेचणीला येणारी बाई पोराच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी पैसे मागायला आली. तिलाही नाही म्हणाले. झोप गेली ती त्या रात्रीपासून. पंधरा हजारांचं दुःख त्यांनी एका वाक्यात संपवलं. त्या बाईबद्दल मात्र अर्धा तास बोलत होते.

पुढच्या खेपेला मी वर्षभराच्या पावत्या आणायला सांगितल्या. पिशवीभर निघाल्या. गणपती, दुर्गा, शिवजयंती, भीमजयंती, भागवत सप्ताह, शंकरपट, दोन भंडारे, आणि भोंगा लावून जीपमधून येणारे कुठकुठले आश्रम. "यातल्या किती तुम्ही आधी ठरवून दिल्या?" असं विचारलं. बराच वेळ उलटसुलट करून त्यांनी दोन बाजूला काढल्या. एक शाळेच्या पाण्याच्या टाकीची, एक शेगावची. बाकी सगळ्या ओट्यावर चार माणसं उभी असताना फाडलेल्या.

"हे देतेत, अन् निस्तरा लागते मले," काकू म्हणाल्या. पेन्शन जमा झाली की पंधरवड्यात किराणा उधारीवर.

निर्णय ओट्यावर होत होता, सगळा घोळ तिथं होता. मागणारा त्याच्या सोयीनं येतो, रक्कम तोच सुचवतो, शेजारी बघत असतो. अशा वेळी दिलेल्या पैशाला मी दान म्हणत नाही. पण गावात राहायचं तर वर्गणी चुकत नाही, हेही खरं. म्हणून वर्गणी आम्ही दानातून काढून सरळ किराण्याच्या वहीत टाकली. वर्षाचा आकडा काकूंनी ठरवायचा. दानाचं मात्र पेन्शन आल्यावर दोघांनी बसून ठरवायचं, आणि मोठी रक्कम असेल तर कापूस विकल्यावरच. दारात आलेल्याला एकच उत्तर, "घरात विचारून सांगतो."

यावर गुरुजी भडकले. "बायकोले विचारून सांगतो म्हनू? गावात?" काकूंना हसू आवरेना. हे वाक्य गुरुजींच्या तोंडी बसायला खूप वेळ लागला, बाकी कशालाच एवढा लागला नाही.

पावत्यांमुळं प्राप्तिकर वाचतो, असाही त्यांचा समज होता. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत, जिला लोक 80जी म्हणतात, ती फक्त तशी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि नव्या कररचनेत ती सवलतच नाही. जीपवाल्यांच्या पावत्यांवर तर धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांकही नव्हता.

त्या फोटोचं काय करायला हवं होतं, हे त्यांनी स्वतःच विचारलं. दवाखान्याचं नाव विचारायचं, तिथं फोन लावायचा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, रुग्ण खरा आहे का आणि अडलंय कुठं हे त्यांच्याकडून कळू शकतं. द्यायचेच तर पैसे दवाखान्याच्या बिलात भरायचे. आणि बऱ्याचदा पैसा ही अडचणच नसते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत होतात, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. माणसं अडतात ती रेशनकार्डावरच्या नावात आणि आधारवरच्या नावात फरक असतो तिथं.

इथं गुरुजी सावरून बसले. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचा जन्म अर्ज, दाखले, तक्ते भरण्यात गेलेला. गाडगेबाबांच्या जिल्ह्याला लागून राहणाऱ्या माणसाला सेवा म्हटलं की खराटाच आठवतो, आणि गुरुजींचे गुडघे काही खराट्याचे राहिले नव्हते. आपल्याकडं देण्यासारखं आता फक्त पेन्शन उरलंय, असं ते धरून चालले होते.

ते त्या बाईच्या घरी गेले. पोराला घेऊन सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचं काम केलं, जातीचा दाखला घरात होताच, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. शिष्यवृत्ती हातात पडायला उशीर होतो, म्हणून प्रवेशापुरते पैसे काकूंच्या संमतीनं उसने दिले. परत आले नाहीत तरी किराणा अडणार नाही, एवढेच द्या, असं मी सुचवलं होतं.

बातमी गावभर झाली. ओट्याचं तहसील झालं. जेवताना लोक, दुपारी झोपेत लोक. कोणी कर्जाला जामीन राहा म्हणूनही आलं. काकू पुन्हा माझ्याकडं, या वेळी एकट्या. मग आठवड्यातल्या दोन सकाळी ठरल्या, आणि जामीन राहायचं नाही हे पक्कं झालं. फुकट काम करणाऱ्याला वेळ मोजून द्यायचा संकोच वाटतो. मला तसा तो वाटू देणं मान्य नाही. थकून बंद पडलेल्या गुरुजींचा गावाला काय उपयोग?

परवा फोनवर बोलणं झालं. झोप बरी आहे. मध्ये एका जीपवाल्याला दोनशे दिले, ते संध्याकाळी काकूंना आपणहून सांगितलं. उसन्या पैशांचं विचारावं का, असं त्यांना वाटत होतं. शिष्यवृत्ती जमा झाली की सरळ विचारा, मी म्हटलं. त्यांनी अजून विचारलेलं नाही. काकूंनी विचारलं, आणि त्या बाईनं अर्धे आणून दिलेत.