डफ म्हणजे काळे, आणि मालकम म्हणजे मालक नव्हे

प्रश्न असा आलाय की मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या नावातल्या 'डफ'चा अर्थ काय, आणि शाहिराच्या डफाशी त्याचं काही नातं आहे का.

नाही हो, अजिबात नाही. आपला डफ अरबी 'दफ'वरून आला, आणि हा डफ स्कॉटलंडचा, तिथल्या गेलिक या केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंड-वेल्सकडच्या जुन्या कुळातल्या भाषेत काळ्याला 'दुभ' म्हणतात, म्हणजे लिहितात तसं, बोलताना नुसतं 'दू' ऐकू येतं. कुणाचे केस काळे नाहीतर रंग काळा, म्हणून लोक हाक मारायचे आणि तेच पुढे आडनाव होऊन बसलं. थोडक्यात १८१८ ते १८२२ साताऱ्यात कंपनीचा कारभार बघणारे हे साहेब म्हणजे सरळ आपले काळे! ग्रँट मात्र केल्टिक नाही, ते फ्रेंच 'ग्रां'वरून, म्हणजे मोठा.

हाच 'दुभ' आयर्लंडच्या डब्लिनमध्येपण आहे. दुभ अधिक लिन, काळा डोह. पॉडल नावाच्या छोट्या नदीचा हा डोह आता बुजलाय, डब्लिन कॅसलच्या मागे जी बाग आहे ना, साधारण तिथेच होता तो. समुद्रापलीकडे इंग्लंडात ब्लॅकपूल आहे, अर्थ तोच, फक्त भाषा इंग्रजी.

आता माझं आवडतं उदाहरण. महाबळेश्वरची मालकमपेठ, १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जॉन माल्कमच्या नावावरून. आपल्या तोंडात त्याचं मालकम झालं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आत कुणीतरी 'मालक' बसलाय, पण मूळ गेलिक नाव आहे 'मेल कोलम'. मेल म्हणजे मुंडन केलेला, त्यावरून भक्त, सेवक. कोलम म्हणजे ५६३ मध्ये आयोना बेटावर मठ काढणारे संत कोलंबा. म्हणजे मालक कसला, हा तर दास, आपल्याकडे रामदास असतो तसा कोलंबदास. त्यातही गंमत म्हणजे कोलंबा हा शब्द लॅटिन, अर्थ पारवा, त्यामुळे केल्टिक म्हणायचं ते अर्धंच नाव.

आणि कॅम्पबेल आडनावाचा कुणी भेटला तर हसू नका, 'काम' म्हणजे वाकडं, 'बेल' म्हणजे तोंड. कॅमेरॉनचं वाकडं नाक. आपल्याकडेही वाकडे आहेतच की.